ठिपकीच्या लग्नाची शर्यत

३ फेब्रुवारी, सोमवार

निवड झाली! फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये कवळीच्या मेणात दात बसवत होते. आनंदाच्या भरात दाढेच्या जागी सुळा बसवला. लॅबवाले काका मागून डोकावून म्हणाले, "ह्या आजोबांना जेवायचंय गं, शिकारीला नाही जायचं." तो सुळा काढला आणि आधी ठिपकीला फोन लावला.

कार्यक्रमाचं नाव 'करवल्यांची कसोटी'. लग्न ठरलेल्या मुलीची एक मैत्रीण आणि मुलाचा एक मित्र, अशी जोडी. त्या जोडीला डोंगरावरून, पाण्यातून, चिखलातून पळवायचं, आणि नवरा-नवरीने ते पडद्यावर बघायचं. शेवटी जी जोडी पहिली येईल तिच्या नवरा-नवरीचं लग्न तिथेच, तळ्याकाठी, त्याच संध्याकाळी. मंडप, जेवण, पाहुण्यांची ने-आण, सगळं कार्यक्रमवाल्यांकडून. हरलो तर मात्र पंचाईत आहे, कारण हॉलची तारीख मी सोडून दिली आहे आणि पुढची थेट पुढच्या वर्षीची मिळते. पण हरायचंय कोणाला?

अर्ज मीच भरला. ठिपकीला विचारलं होतं. ती म्हणाली, "बघ बाई, तुला वाटेल ते." तिचं सगळं असंच असतं. हनुवटीवर तीळ म्हणून ती ठिपकी, आणि धरलेलं सोडत नाही म्हणून मी पक्कड. शाळेपासून आमचं असं छान चाललंय. हॉटेलात काय मागवायचं तेसुद्धा मी ठरवते, नाहीतर ही बया कार्ड वाचत बसेल आणि हॉटेल बंद व्हायची वेळ येईल.

ठिपकी बसस्थानकावर उद्घोषणा करते. दिवसभर माइकवर "कृपया इकडे लक्ष द्या." तर मी बातमी सांगितली, आणि पलीकडे नुसत्या गाड्यांचे आवाज. मग हळूच म्हणाली, "पक्कड, ह्यात हरायची शक्यता किती असते गं?"

मी म्हणाले, "शून्य!"

भावना इतक्या दाटून आल्या असाव्यात की तिने फोनच ठेवला.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज ठिपकी लॅबमध्ये आली होती. गार्ड परत तुटला. ती झोपेत दात खाते, म्हणून रात्री दातांवर चढवायचा पारदर्शक गार्ड मी तिला करून देते. पूर्वी एक गार्ड दोन-दोन वर्षं टिकायचा. लग्न ठरल्यापासूनचा हा तिसरा, आणि हा तर मधोमध दुभंगला आहे. मी प्रकाशात धरून बघितला. दाढांच्या जागी खड्डेच खड्डे.

मालच हलका आला आहे, दुसरं काय. माल पाठवणाऱ्याला फोन करून मी त्याची चांगली हजेरी घेतली. तो बिचारा म्हणत होता की बाकी कोणाची तक्रार नाही. नसेल! बाकीचे लोक बघतच नाहीत. मी बघते.

काका म्हणाले, "त्या पोरीला एकदा विचार तरी, काय होतंय म्हणून."

"विचारायचं काय काका, दिसतंय ना. माल खराब आहे."

काका काही बोलले नाहीत. आजकाल त्यांना कमी ऐकू येतं.

ठिपकी जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "तू फार धडपडू नकोस हं तिकडे. लागेल कुठेतरी. नाही जिंकलो तरी चालेल मला." इतकी काळजी करणारी मैत्रीण कोणाला मिळते? मी आणखी चेव येऊन संध्याकाळी जिने चढायचा सराव केला. आई म्हणाली, "लग्न तिचं आहे की तुझं?" मी उत्तर दिलं नाही, दम लागला होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

पोचले. जुनं वसतिगृह आहे, मागे डोंगर, पुढे तळं. खोलीत लोखंडी पलंग आणि खिडकीला कडी नाही. फोन जमा करून घेतले. डायरी ठेवू दिली, कारण डायरीवरून कोणाला फोन लावता येत नाही, असं तो दाराशी बसलेला माणूस म्हणाला.

निवेदिका प्रत्यक्षात आणखीच हसरी आहे. मी तिचं नाव बत्तिशी ठेवलं. वरचे पुढचे सहा दात बसवलेले आहेत, काम उत्तम, रंग मात्र एक छटा जास्त पांढरा.

माझा जोडीदार म्हणजे नवरदेवाचा जिवलग मित्र. लिफ्ट दुरुस्त करतो. उंच, शांत, मनगटं चांगली जाड. बघून मला बरं वाटलं. दिवसभर लिफ्टच्या विहिरीत दोरांना लोंबकळणारा माणूस, डोंगर तर ह्याच्या डाव्या हातचा मळ. मी म्हणाले, "आपण जिंकणार, हे आत्ताच सांगून ठेवते."

तो म्हणाला, "तुम्हाला जिंकायचंच आहे का?"

"म्हणजे काय! तुम्हाला नाही?"

तो म्हणाला, "चहा घेणार?" विचित्र माणूस आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिली फेरी. चार मजली केक फळीवर ठेवायचा आणि दोघांनी दोन टोकं धरून ओढा ओलांडायचा. पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत. ओढ्याच्या मधोमध, जिथे तळ सपाट होता, नेमका तिथे आमचा लिफ्टवाला घसरला! फळी कलली, केक माझ्या अंगावर यायला लागला. मी खांदा लावला, हनुवटी लावली, तोंडाने काय काय बोलले ते प्रक्षेपणात कापतील बहुधा. पण केक पोचवला. वरच्या मजल्यावरचे साखरेचे नवरा-नवरी थोडे वाकडे झाले, नवरी पार पाठमोरी. आमचा दुसरा नंबर आला. पहिला एका नर्सबाईंचा आणि त्यांच्या जोडीदाराचा.

लिफ्टवाला "सॉरी" म्हणाला, पण तोंडावर सॉरी दिसलं नाही. माझ्या केसांत अजून क्रीम आहे. तीन वेळा धुतले तरी मुंग्या येतायत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज पडद्यावर नवरा-नवरीशी बोलायला दिलं. नवरदेव नेहमीसारखा मस्त. आमच्या लॅबच्या खालीच त्याचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून मी त्याला चष्मेवाला म्हणते. ठिपकीला पहिल्यांदा तिथे मीच घेऊन गेले होते. काच पुसायची तर किती हळुवार पुसतो! मी तेव्हाच ठरवलं. ह्या माणसात खोट काढून दाखवा म्हणावं कोणीही. निर्व्यसनी, हसतमुख, आईला उलट बोलत नाही.

तो म्हणाला, "कमाल केलीत! आमच्याकडे सगळे टाळ्या वाजवत होते."

ठिपकी शेजारी बसली होती. ती एकदम रडायला लागली. चष्मेवाल्याने रुमाल दिला, तोही घडी घातलेला. तिने तो घेतला आणि घडीसकट डोळ्यांवर धरला.

मी म्हणाले, "वेडे, आनंदाने रडायला अजून वेळ आहे, शेवटच्या फेरीला ठेव थोडं!"

ती लिफ्टवाल्याकडे बघत होती. लिफ्टवाला जमिनीकडे बघत होता. ह्यांचं काही बिनसलंय का? मला वाटतं केक पाडला म्हणून तिला त्याचा राग आला असावा. मला तर आलाच आहे.

तिच्या जबड्याचा स्नायू कानाखाली सारखा उडत होता. गार्ड घालते की नाही कोण जाणे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मला काही म्हणता काही कळत नाहीये.

आजची फेरी: नवरीचा पायघोळ झगा आणि नवरदेवाचा कोट घालून कडा चढायचा. दोर बांधलेले होते, खाली जाळी होती, पोरखेळच तो. मी झगा कमरेला खोचला आणि निघाले. मागे बघते तर लिफ्टवाला कड्याच्या पायथ्याशी मांडी घालून बसलेला!

"काय झालं?"

"चक्कर येते. उंचीची भीती आहे मला."

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला उंचीची भीती! म्हणजे पोहणाऱ्याला ओल्याची. मी खाली उतरले, त्याच्या कमरेचा दोर माझ्या कमरेला बांधला आणि म्हणाले, "डोळे मिटा आणि मी सांगते तिथे पाय ठेवा." तो म्हणाला, "अहो, राहू द्या ना, हरू या." हरू या! मी त्याला ते ते सुनावलं जे मी माल पाठवणाऱ्यालाही सुनावलं नव्हतं. शेवटी निमूट चढला.

आता गंमत अशी की चढताना ह्या माणसाचा एकदाही पाय चुकला नाही. एके ठिकाणी माझाच सुटला, तर त्याने एका हाताने मला धरलं, दुसऱ्या हाताने कपार, आणि डोळे टक्क उघडे. वर पोचल्यावर मात्र पुन्हा "चक्कर" म्हणून आडवा झाला. आम्ही पहिले आलो. बत्तिशीने कॅमेऱ्यापुढे मला 'पोलादी करवली' म्हटलं.

चक्कर येणारा माणूस खाली बघत नाही. हा तर वर पोचल्यावर कड्यावरून वाकून दरीतली फुलं बघत होता. विचारलं तर म्हणाला, "चक्कर येते-जाते." कसली चक्कर आहे ही?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजची फेरी अंगाला काही लागणारी नव्हती, तरी सगळ्यात जास्त लागलं.

तळ्यावर कलत्या खुर्च्या. बत्तिशी प्रश्न विचारणार, नवरा-नवरीची उत्तरं त्यांनी आधीच दिलेली. आपलं उत्तर जुळलं नाही की खुर्ची थोडी आणखी कलणार. मी तर हसतच बसले. ठिपकीबद्दल मला काय विचारणार? तिच्या दाढांच्या उंचवट्यांपर्यंत मी सगळं ओळखते!

आवडता रंग? मी म्हणाले पिवळा. तिचं उत्तर होतं राखाडी. राखाडी हा काय रंग आहे? तिला पिवळे कपडे मी घेते आणि ती घालते.

एक दिवस पूर्ण मोकळा मिळाला तर काय करेल? मी म्हणाले, पक्कडबरोबर भटकेल. तिचं उत्तर: कोणाशीही न बोलता झोपून राहीन.

कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते? हे मला ठाम माहीत होतं. झुरळाची. बत्तिशीने कार्ड उलटलं आणि हसत सुटली. ठिपकीचं उत्तर: "पक्कड रागावली तर."

सगळे हसले. मीही हसले, आणि पाण्यात पडले.

तरी वाचलो, कारण आणखी दोन जोड्या आमच्या आधी बुडाल्या होत्या. लिफ्टवाल्याने चष्मेवाल्याबद्दलची पहिली दोन उत्तरं सपशेल चुकवली. मित्राचा धंदा काय, ह्यावर 'घड्याळं' म्हणाला! शेवटच्या दोन प्रश्नांना मात्र, मी पाण्यातून ओली बाहेर आल्यावर, पटापट बरोबर उत्तरं दिली. बहुधा माझी दया आली. त्यामुळे आम्ही अंतिम फेरीत. आम्ही आणि नर्सबाई.

मी रागावते का? रागावते, पण म्हणून घाबरण्यासारखं काय आहे त्यात? जेवतानाही तेच डोक्यात. राखाडी!

१५ फेब्रुवारी, शनिवार

भराभर लिहितेय, अक्षर बिघडणार.

दुपारी वसतिगृहाच्या मागे कपडे वाळत घालत होते. लिफ्टवाला त्याचा कोट घेऊन आला. बाजूच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढला, एका पायावर उभा राहून त्याने दोरीचं टोक वरच्या खिळ्याला अडकवलं आणि उतरला. मी बघतच राहिले.

"चक्कर कुठे गेली?"

तो कोट वाळत घालायला लागला.

"तुला उंचीची भीती नाही. ओढ्यात तू घसरला नव्हतास. मित्र चष्मे विकतो हे तुला माहीत आहे. तू मुद्दाम हरतोयस!" अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "कोणाकडून काय घेतलंस? त्या नर्सबाईंकडून?"

"कोणाकडून काही नाही घेतलं. मला तिने सांगितलं."

"कोणी?"

"ठिपकीने. ती म्हणाली, कसंही करून हरा."

मी हातातला झगा पिळत होते तो पिळतच राहिले.

तो सांगत गेला आणि मी ऐकत गेले. ठिपकीला हे लग्न करायचं नाही. चष्मेवाला वाईट नाही, उलट तेच दुखणं आहे. ती लिफ्टवाल्याला म्हणाली होती, "त्याच्यात दोष असता तर सांगता आलं असतं. मला तो आवडत नाही असंही नाही, फक्त लग्न करावंसं वाटत नाही. हे कोणाला सांगू?" आम्ही हरलो की तारीख पुढच्या वर्षावर जाणार होती, आणि मग ती सावकाश त्याला सांगणार होती. लिफ्टवाल्याने तिला आधी विनवलं की आत्ताच सांग. ती रडली. शेवटी त्याने विचार केला की मित्राचं लग्न मोडलं तर तो वर्षभर दुःखी होईल, पण लग्न नको असलेल्या मुलीशी झालं तर जन्मभर. म्हणून तयार झाला.

"उद्या जिंकलो तर संध्याकाळी लग्न," तो म्हणाला. "सगळे पाहुणे आलेत. तिच्या वडिलांनी नवीन कपडे शिवलेत. तिथे ती नाही म्हणू शकणार नाही. ती मान हलवेल आणि करून टाकेल. तू तिला ओळखतेस."

मी तिला ओळखते! कालच सगळ्यांसमोर दिसलं की किती ओळखते.

"मला का नाही सांगितलं तिने?"

उत्तर कालच्या कार्डावर होतंच.

मी खोलीत येऊन बसले आहे. आधी वाटलं, जाऊन तिच्या दोन मुस्काटात द्याव्यात. मग ते तीन गार्ड आठवले. प्रकाशात धरून मी काय बघत होते? दाढांचे खड्डे बघितले, माणूस नाही बघितलं. आणि माल पाठवणाऱ्याला झापलं.

आता काय करायचं? हरायचं? मला हरता येत नाही, खरंच सांगते, कसं करतात तेच माहीत नाही. आणि हरून होणार काय? वर्षभर ती अशीच दात खात राहणार आणि मी गार्ड करत राहणार. जिंकायचं? मग उद्या संध्याकाळी लग्न तिच्या गळ्यात. दोन्हीकडून मीच ठरवायचं, हेच तर झालंय ना आजवर?

डोकं फुटायची वेळ आली आहे. जेवायला जाते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी मी लिफ्टवाल्याला म्हणाले, "आज जीव तोडून वल्हवायचं."

"अगं, काल एवढं सांगून—"

"मला तिच्यासमोर पहिलं पोचायचंय. पुढचं मला माहीत नाही. पण दुसरे पहिले पोचले तर ती हरल्याच्या आडोशाला जाऊन लपेल, आणि मी तिला ओळखते. एवढं तरी ओळखते."

त्याने मान हलवली आणि बाह्या सरसावल्या.

अंतिम फेरी अशी: डोंगरातल्या गुहेतून दोन अंगठ्या शोधायच्या, फुलांनी सजवलेल्या तराफ्यावरून तळं ओलांडायचं, पलीकडच्या काठावर मांडव, तिथे दोन्ही जोड्यांचे नवरा-नवरी आणि त्यांच्या घरची मंडळी. अंगठ्या त्यांच्या हातात द्यायच्या आणि मांडवाची घंटा वाजवायची. ज्यांची घंटा पहिली ते जिंकले.

काय माणूस आहे तो! इतके दिवस सपाट जमिनीवर घसरणारा हा बाप्या गुहेत माकडासारखा चढला, अंगठ्या काढल्या, आणि वल्ही अशी मारली की फुलं निम्मी पाण्यात गळून गेली. नर्सबाई बऱ्याच मागे राहिल्या.

काठावर पोचलो. ठिपकी पिवळ्या कपड्यांत होती. ते कपडे मीच निवडलेले. चष्मेवाला नव्या बुटांत, अवघडून उभा. सगळे ओरडत होते, "वाजव! वाजव!" मी अंगठ्या दिल्या. घंटेचा दोर माझ्या हातात आला आणि हात आपोआप वर गेला. सवयच ती.

मग मी हात खाली घेतला आणि दोर ठिपकीच्या हातात दिला.

"तू वाजव," मी म्हणाले. "वाजवायची असली तर. नसली तर नको. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तो माझा प्रश्न आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग लिफ्टवाल्याकडे, मग परत माझ्याकडे. तिला कळलं की मला कळलं. तिचा जबडा घट्ट मिटलेला, तो तीळ थरथरत होता. तिचे वडील म्हणाले, "वाजव बाळ, वाजव ना!" मला तर तोंडात शब्द धरवत नव्हते. सांग, बोल, ओरड, असं सगळं जिभेवर आलं होतं. आयुष्यात मी इतका वेळ कधी गप्प राहिलेली नाही. नर्सबाईंचा तराफा काठाला लागला.

बत्तिशी धावत आली आणि तिने ठिपकीच्या तोंडापुढे माइक धरला. "नवरीबाई, काय वाटतंय ह्या क्षणी?"

ठिपकीने माइककडे बघितलं. तिने तो बत्तिशीच्या हातातून घेतला, जरा तिरका केला, जसा ती रोज करते. आणि मग तिचा तो स्थानकावरचा आवाज आला. स्पष्ट, सावकाश, एका पट्टीतला.

"कृपया इकडे लक्ष द्या. आज संध्याकाळी होणारं लग्न होणार नाही. मला ते करायचं नाहीये. ह्यात कोणाचीही चूक नाही. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मी मनापासून दिलगीर आहे."

आणि सवयीप्रमाणे तिने ते पुन्हा एकदा सांगितलं. पूर्ण. फक्त दुसऱ्या वेळेला 'दिलगीर'वर आवाज फुटला.

मला वाटलं चष्मेवाला ओरडेल, किंवा निघून जाईल. तो खाली बसला आणि बूट काढायला लागला. एक काढला, दुसऱ्याची गाठ सुटेना. लिफ्टवाला त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्याने ती सोडवली.

चष्मेवाला म्हणाला, "फार चावत होते सकाळपासून." मग चष्मा काढून पुसत बसला, बराच वेळ, काच स्वच्छ असताना.

घंटेपाशी नर्सबाई अवघडून उभ्या. "आम्ही... वाजवू का?" त्यांनी विचारलं, पण कोणाला विचारलं कोण जाणे.

चष्मेवालाच म्हणाला, "वाजवा ना. तुमच्याकडचं तरी लग्न होऊ दे."

त्यांनी इतकी हळू वाजवली की बत्तिशीने पुन्हा वाजवायला लावली.

उपविजेत्यांना प्रवासी बॅगांचा संच मिळाला. मी घरी आणला आहे. आईने बॅगा बघितल्या, माझं तोंड बघितलं, आणि ताट वाढलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मला राग आला आहे. कोणाचा ते नक्की होत नाहीये. ठिपकीचा? एका परक्या लिफ्टवाल्याला सांगितलं आणि मला नाही! माझा? की त्या चष्मेवाल्याचा, जो आज सकाळी दुकान उघडून मला नेहमीसारखं "नमस्कार" म्हणाला? त्याने निदान तोंड तरी फिरवायचं होतं. मी "नमस्कार" म्हणून जिना चढले आणि वर जाऊन रडले. काका दुसरीकडे तोंड करून कवळी घासत बसले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ठिपकी आली होती. लॅबमध्ये, माझ्या शेजारच्या स्टुलावर. वडील अजून बोलत नाहीत म्हणाली. आई बोलते पण स्वयंपाकघरातूनच. साखरपुड्याची अंगठी परत द्यायला गेली तेव्हा चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तिच्याही. त्याने विचारलं, "माझं काय चुकलं?" आणि तिच्यापाशी उत्तर नव्हतं. ते सगळ्यात वाईट होतं म्हणाली.

मी पुष्कळ ठरवलं होतं, तरी तोंडून निघालंच. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. हरायची शक्यता किती, असं विचारलं होतं. आणि नाही जिंकलो तरी चालेल, असंही म्हणाले होते."

"हे सांगणं झालं? अगं सरळ बोलायचं ना!"

"मला तेवढंच येत होतं, पक्कड."

लहानपणापासून इतक्या वेळा ती "तुला वाटेल ते" म्हणाली, त्यांतलं खरं किती होतं? एकेक आठवून विचारायला बसले तर आम्ही दोघी म्हाताऱ्या होऊ. मी एकच विचारलं. "पिवळा खरंच आवडत नाही?"

"अजिबात नाही."

"कपाटभर पिवळं घेतलंय गं मी तुला!"

ती हसली. मग मीही हसले, मग दोघी रडलो, आणि काका म्हणाले की प्लास्टरमध्ये पाणी जातंय.

ती निघाली तेव्हा मी तिच्या दातांचा साचा बाहेर काढला. नवीन गार्ड करते म्हणाले. हा आधीच्या मालाचाच केला आहे. माल पाठवणाऱ्याला फोन करून माफीही मागितली. त्याला माफी समजली नाही, तो घाबरून म्हणाला, "आणखी काही तक्रार आहे का?"

१२ मार्च, बुधवार

लॅबच्या इमारतीतली लिफ्ट व्यवस्थित चालते. तरी लिफ्टवाला तपासायला तिसऱ्यांदा आला. आज म्हणे आवाज येतो का ते ऐकायचं होतं. ऐकून झाल्यावर वर येऊन चहा पिऊन गेला. दातही दाखवले, एकदम निरोगी. ह्या माणसाचं मला पहिल्यापासून काही कळत नाही. काका मात्र तो आला की कानातलं यंत्र काढून ठेवतात आणि गालात हसतात.

खाली चष्मेवाला दुकानात असतो. लिफ्टवाला आधी त्याच्यापाशी बसतो, मग वर येतो. नवे बूट चष्मेवाल्याने कोणाला तरी देऊन टाकले, असं कळलं.

ठिपकीच्या गार्डची डबी अजून शेल्फवरच आहे, तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली. करून ठेवलेलं काम माणसं न्यायला येत नाहीत ह्याची मला भयंकर चीड आहे. अशांना मी स्वतः फोन करून झापते. आज तिलाही केला.

"अगं, गार्ड केव्हाचा तयार आहे. कधी नेणार?"

पलीकडे स्थानकाचा गलका. "अरे हो गं, विसरूनच गेले. पण आता लागत नाहीये मला. सकाळी जबडा दुखत नाही." मग हळूच, "तू रागावलीस का?"

"हो," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि चक्क हसली. "ठेवते, गाडी लागतेय."

काका शेल्फ आवरत होते. त्यांनी ती डबी उचलली आणि विचारलं, "ही टाकू का मग?"

मी ती त्यांच्या हातातून घेऊन परत जागेवर ठेवली. न नेलेलं काम बघून मला आजवर कधीच इतकं बरं वाटलं नव्हतं.